एका खोलीची शाळा



शाळा कशावर उभी राहते? भिंतींवर, पैशांवर की माणसांवर? या रविवारी आपण अमेरिकेच्या माळरानावरील पहिल्या वसाहतकऱ्यांच्या शाळेचा इतिहास पाहू या आणि या प्रश्नाचा विचार करू या.

१. जमीन : १७८५ च्या कायद्याने तेथे नव्या प्रदेशाची मोजणी ठरली. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशी टाउनशिप आखायची, तिचे ३६ भाग करायचे आणि त्यांतील सोळावा भाग, म्हणजे ६४० एकर, शाळांच्या खर्चासाठी राखायचा. पहिले घर उभे राहण्याआधीच शाळेचा वाटा बाजूला निघत असे!

२. खोली : नेब्रास्कात लाकूड दुर्मीळ होते. म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीचे तुकडे कापून ते विटांसारखे रचत. एकच खोली, एक शेगडी, पाण्याची एक बादली. सहा वर्षांचे मूल व सोळा वर्षांचा तरुण एकाच शिक्षिकेपुढे बसत. एक वर्ग पुढे येऊन धडा म्हणून दाखवी, तोवर बाकीचे पाटीवर गणिते सोडवीत. मोठी मुले लहानांना शिकवीत. त्याच खोलीत गावाच्या सभा भरत आणि देऊळ नसेल तेथे रविवारची उपासनाही होई.

३. शिक्षिका : लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांनी १८८३ मध्ये डाकोटात शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना सतरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १२ जानेवारी १८८८ रोजी सकाळी हवा उबदार होती, म्हणून अनेक मुले जाड कपडे न घालताच शाळेत गेली. मग एकाएकी हिमवादळ आले. त्यात सुमारे २३५ माणसे दगावली; त्यांत शाळेतून घरी निघालेली कित्येक मुले होती. नेब्रास्कातील मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या शाळेचे छप्परच उडाले. तिने मुलांना एकत्र ठेवून जवळच्या शेतघरापर्यंत नेले. सर्व मुले वाचली.

४. दुसरी बाजू : सोळावा भाग राखला गेला खरा, पण ती जमीन मुळात कोणाची? नेब्रास्कातील पॉनी लोकांना १८७० च्या दशकात आपली भूमी सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. एकाच्या मुलांना अक्षर मिळाले, तेव्हा दुसऱ्याच्या मुलांचे अंगण गेले. चांगला हेतू अन्यायाला न्याय ठरवू शकत नाही, हे आपण विसरू नये.

पुढे विसाव्या शतकात रस्ते झाले, बसगाड्या आल्या, लहान शाळा मोठ्या शाळांत विलीन झाल्या. मुलांना अधिक विषय, अधिक शिक्षक मिळाले. मात्र अनेक वस्त्यांनी एकत्र जमण्याची आपली एकमेव जागा गमावली.

मातीच्या भिंती पावसाने खचल्या. छप्पर वाऱ्याने नेले. त्या दिवशी मुलांना सावरणारा हात मात्र उरला. शाळा त्या हातावर उभी असते.

घरी चर्चेसाठी : आपल्या गावच्या शाळेसाठी जमीन कोणी दिली, श्रम कोणी केले? घरातील वडीलधाऱ्यांना विचारू या आणि ते लिहून ठेवू या.