रोजच्या वाटपातील विश्वास

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 6 : 1-7

मंडळीतील पहिली कुरकुर कशावरून झाली, असे विचारले तर पुष्कळजण एखाद्या मताचे किंवा शिकवणीचे नाव घेतील. प्रस्तुत पाठ निराळेच सांगतो. ती कुरकुर भाकरीवरून झाली, आणि भाकरीच्या आड भाषा होती. ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांची इब्री बांधवांविरुद्ध तक्रार अशी होती की, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. बेळगाव-निपाणी भागात राहणाऱ्याला हा प्रसंग फोड करून सांगावा लागत नाही. म्हणूनच न्यासाच्या महोत्सवी अंकासाठी आम्ही तो निवडला आहे.

ह्या पाठातील तीन गोष्टी ध्यानात घेऊ.

पहिली गोष्ट : तक्रार ऐकून घेतली गेली. "भाकरीसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी कुरकुरू नका, प्रार्थना करा," असे प्रेषितांनी विधवांना सांगितले नाही. "आधी आमची भाषा शिका," असेही म्हटले नाही. त्यांनी सर्व मंडळी एकत्र बोलावली आणि सर्वांदेखत उपाय सुचविला.

दुसरी गोष्ट : निवड कोणाची झाली? स्तेफन, फिलिप आणि त्यांचे पाच सोबती, अशी सात नावे दिली आहेत. ती सातही ग्रीक आहेत. त्या काळी काही इब्री लोकही ग्रीक नावे ठेवीत, हे खरे. तरी सातांत एकही इब्री नाव नसावे, हे सहज घडलेले दिसत नाही. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटपाची किल्ली दिली, असा ह्याचा सरळ अर्थ. इतका विश्वास टाकणे हे प्रवचन करण्याहून कठीण आहे.

तिसरी गोष्ट : सेवा एकच आहे. मूळ ग्रीक भाषेत रोजच्या वाटपाला 'दियाकोनिया' म्हटले आहे, आणि वचनाच्या सेवेलाही तोच शब्द आहे. कामे वाटून घेतली, पण एक श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ, अशी प्रतवारी लावली नाही. पंगतीची व्यवस्था पाहावयास नेमलेला स्तेफन पुढे ख्रिस्ताचा साक्षी होऊन मेला. फिलिपाने शोमरोनात सुवार्ता नेली. धान्य मोजणारा हातच वचन सांगावयास लायक ठरला.

आमच्या बेळगावच्या इतिहासात ह्याचे एक ठळक उदाहरण आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे काम येथे 1820 साली सुरू झाले. बाबा पदमनजी ह्यांचा जन्म ह्याच गावी 1831 साली झाला. येथील मिशनशाळेत ते शिकले आणि 1854 साली ख्रिस्ती झाले. तीनच वर्षांनी, 1857 साली, त्यांनी 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. नवा विश्वास पत्करलेल्या ह्या तरुणाने विषय कोणता घेतला? हिंदू विधवांची दुर्दशा. त्यांच्या पुनर्विवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. विश्वास मिळाला तो स्वतःपाशी न ठेवता, शेजारच्या घरात कोण रडते आहे हे पाहण्यास त्यांनी तो लावला.

आता आपल्या दाराशी येऊ. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. 1973 साली राज्याचे नाव कर्नाटक झाले. सीमेचा वाद आजही मिटलेला नाही, आणि त्याविषयी निवाडा देण्याची ही जागा नव्हे. मात्र एकाच घरात आजी मराठीत प्रार्थना करते, नातू कन्नडमध्ये धडा वाचतो आणि अर्ज इंग्रजीत भरावा लागतो, हे आपण रोज पाहतो. कोणती सूचना कोणाला वाचता आली नाही, ह्याची चौकशी करणे हेही मंडळीचेच काम आहे.

निपाणीकडे पाहू. तेथील तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून 1981 साली शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले आणि गोळीबारात काहींचे प्राण गेले. त्याच तंबाखूच्या विड्या बायका घरी बसून वळतात. मजुरी हजारावर ठरते आणि 'छाट' म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे हाती येत नाहीत. 1966 साली विडी कामगारांसाठी कायदा झाला. पण मोजणाऱ्याच्या मनात देवाचे भय नसेल तर कायदा एकटा पुरा पडत नाही. मजुराची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असे याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बजावतो. आपल्यापैकी कोणी मुकादम असेल, कोणी दुकानदार, कोणी कचेरीत कारकून. रविवारी म्हटलेल्या 'आमेन'ची परीक्षा सोमवारी आपल्या मापावर व वहीवर होते.

कुटुंबात एकत्र बसून विचार करण्यासाठी पुढील प्रश्न देत आहोत :

1. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईची मजुरी ठरल्या दिवशी दिली जाते काय?

2. आपल्या मंडळीत उपासनेनंतर कोणाशी कोणी बोलत नाही? त्याची भाषा कोणती?

3. न्यासाच्या मदतीची माहिती जिला वाचता येत नाही, तिला ती कोण सांगतो?

4. ज्यांना मदत दिली जाते, त्यांच्यापैकी कोणी मदत ठरविणाऱ्यांत बसतो काय?

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. पण यरुशलेमेच्या मंडळीने नेमका तोच सोडविला. त्यानंतरच्या सातव्या वचनात लिहिले आहे की, देवाचे वचन पसरत गेले आणि शिष्यांची संख्या फार वाढली. वाटप सरळ झाले आणि वचनाचा मार्ग मोकळा झाला.

महोत्सवाला शास्त्रात 'योबेल' असे नाव आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे त्या वर्षी गहाण गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जाई आणि बांधलेला माणूस सुटून घरी येई. हारतुरे व भाषणे झाल्यावर न्यासाच्या सभासदांनी एक संध्याकाळ मदतीची वही उघडून बसावे, आणि तीत कोणाचे नाव यावयास हवे होते पण आले नाही, हे शोधावे. ते नाव सापडले म्हणजे आपला योबेल साजरा झाला असे आम्ही समजू. प्रभू आम्हांस तशी दृष्टी देवो. आमेन.