चहाचा चोथा व कुंडीतील रोप

चहा गाळून उरलेला चोथा झाडास घालावा, असे घरोघर सांगतात. मुलांनी हे नुसते ऐकून न मानता पडताळून पाहावे, यासाठी पुढील पाठ सुचवीत आहे.

पूर्वतयारी : चोथ्यात नत्र असते, परंतु ते बहुतांशी चोथा कुजल्यावरच मुळांस मिळते. आपल्याकडे चहात दूध-साखर असते. तसाच चोथा टाकल्यास मुंग्या लागतात, बुरशी येते. म्हणून तो दोन-तीन पाण्यांनी धुऊन वाळवावा. दहा ओंजळी मातीत एक मूठ चोथा मिसळून दीड-दोन महिने ओलसर ठेवावा. तेवढीच नुसती मातीही वेगळी ठेवावी.

कृती : तीन कुंड्यांत चोथ्याची व तीन कुंड्यांत नुसती माती भरून तुळशीची सारखी रोपे लावावीत. ऊन-पाणी सर्वांस समान असावे. मुलांनी दर सोमवारी रोपांची उंची तक्त्यात नोंदवावी.

निष्कर्ष : शिक्षकांनी उत्तर आधी सांगू नये. फरक न आढळल्यास तसेच लिहू द्यावे. गुरुजींना आवडेल म्हणून आकडा वाढविण्याची सवय याच वयात लागते. ती न लागू देणे हाच या पाठाचा खरा हेतू आहे.