पॉवरपीसी मॅकवर लिनक्स : डिस्कवर गवंडीच नाही!

साध्या पीसीवर लिनक्स टाकणं आता काही विशेष राहिलेलं नाही. नेक्स्ट नेक्स्ट करत जा, झालं! खरी गंमत येते ती वेगळ्या प्रोसेसरच्या मशीनवर. उदा. आयबुक जी-४. ॲपलने २००६ साली पॉवरपीसीचे मॅक बनवणं थांबवलं, तरी लिनक्सवर ही मशीन्स अजून छान चालतात. अडचण एवढीच की अशा हार्डवेअरच्या काही इन्स्टॉलेशन डिस्कवर फाइल सिस्टिम बनवायची टूल्सच नसतात. आणि ते कळतं कधी? जुनं पार्टिशन उडवून बसल्यावर!

आधी एक बेसिक गोष्ट. कर्नेल (आर्मीतला कर्नल नव्हे!) फाइल सिस्टिम वाचतो-लिहितो, पण ती तयार करत नाही. कर्नेल म्हणजे भाडेकरू समजा. बांधलेल्या घरात तो मजेत राहील, पण घर बांधायला आणि दुरुस्तीला गवंडीच लागतो. हे गवंडी म्हणजे एमकेएफएस, एफएससीके वगैरे प्रोग्रॅम. त्यातही एमकेएफएस हा नुसता मुकादम. एक्सएफएस हवी म्हटलं की तो एमकेएफएस डॉट एक्सएफएस नावाच्या प्रोग्रॅमला हाक मारतो. तोच डिस्कवर नसेल तर 'नो सच फाइल' म्हणून गप्प! त्यामुळे पार्टिशनला हात लावायच्या आधी एमकेएफएस टाइप करून दोनदा टॅब दाबायचं. कोण कोण हजर आहे ते कळतं.

मग पीसीच्या डिस्कवरून टूल कॉपी करू या? नाही जमत. तो प्रोग्रॅम इंटेलसाठी कंपाइल केलेला असतो, जी-४ वर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते. प्रत्येक प्रोसेसरसाठी पॅकेज वेगळं बांधावं लागतं, आणि पॉवरपीसीवर टेस्ट करणारी माणसं मोजकीच. काहीतरी राहून जाणारच.

मॅकवर हे जास्त झोंबतं. इथे बायोस नसतो, ओपन फर्मवेअर असतं, आणि त्याला लिनक्सची एक्सट३ वाचता येत नाही. म्हणून ॲपलच्या एचएफएसमध्ये ८०० केबीचं छोटंसं बूटस्ट्रॅप पार्टिशन करून त्यात याबूट हा बूटलोडर ठेवतात. हे काम एमकेओएफबूट करतो, पण आतून तो एचएफएसयूटिल्समधली टूल्स वापरतो. ती नाहीत, तर सगळं इन्स्टॉल होऊनही मशीन स्वतःहून उठत नाही.

यावर एक मस्त उपाय आहे. डिस्कवर एक्सट२-३ ची टूल्स बहुतेक असतातच. आधी मॅक-एफडिस्कने पार्टिशन्स पाडा (ॲपलचा पार्टिशन मॅप वेगळा असतो, साधा एफडिस्क तो करत नाही). रूट पार्टिशन एक्सट३ करून त्यावर पॉवरपीसीचीच बेस सिस्टिम उतरवा. मग डेव्ह आणि प्रॉक आत माउंट करून सीएचरूट मारा. आता तुम्ही डिस्कच्या नाही, नव्या सिस्टिमच्या घरात आहात! नेटवरून एचएफएसयूटिल्स आणि याबूट घ्या आणि इथूनच एमकेओएफबूट चालवा. म्हणजे डिस्कवर गवंडी एकच असला तरी बाकीच्यांना तोच घरात घेतो.

जुना डेटा वाचवायचा असेल तर मात्र थोडं सांभाळून. मॅक नीट शटडाउन झाला नसेल, तर लिनक्स एचएफएस प्लस पार्टिशन रीड-ओन्लीच माउंट करतो आणि एफएससीके चालवायला सांगतो. तो एफएससीके डिस्कवर नसला तरी घाबरू नका. कॉपी करून घ्यायला रीड-ओन्ली पुरतं.

कधी उलटंही होतं. रायझरएफएस २०२५ च्या ६.१३ कर्नेलमधून काढून टाकली. तिथे गवंडी हजर असला तरी भाडेकरूच घरात शिरत नाही, जुन्या कर्नेलची डिस्क शोधावी लागते.