घटक ५ : अध्ययन-संचिका आणि भाषाशिक्षकांचे प्रशिक्षण

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास :
१. अध्ययन-संचिकेचे स्वरूप आणि तिचे घटक स्पष्ट करता येतील.
२. महाराष्ट्रातील मूल्यमापन-पद्धतीत संचिकेचे स्थान सांगता येईल.
३. बहुबोली वर्गात संचिकेचा उपयोग कसा होतो, याचे विवेचन करता येईल.
४. भाषाशिक्षकांसाठी संचिका-प्रशिक्षणाचा आराखडा तयार करता येईल.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण लेखनकौशल्याच्या मूल्यमापनाचा विचार केला. उत्तरपत्रिका एका दिवसाचे लेखन दाखवते; विद्यार्थी त्या दिवसापर्यंत कसा पोहोचला, हे ती सांगत नाही. भाषा मात्र हळूहळू, चुकत-सुधारत येते. ही वाटचाल जपून ठेवण्याचे साधन म्हणजे अध्ययन-संचिका. आपल्यापैकी काही जण शिक्षक असतील, काही जण पुढे होतील, तर काही जण पालक या नात्याने मुलांच्या वह्या पाहत असतील. या सर्वांना उपयोगी पडेल अशा रीतीने येथे विवेचन केले आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ संचिकेचे स्वरूप

विद्यार्थ्याच्या निवडक कामाचा, कालक्रमाने लावलेला आणि त्याच्या स्वतःच्या विचारासह जपलेला संग्रह म्हणजे अध्ययन-संचिका होय. या व्याख्येतील तीन शब्द महत्त्वाचे आहेत. 'निवडक' म्हणजे सर्व कागद नव्हेत. 'कालक्रमाने' म्हणजे प्रत्येक कागदावर दिनांक हवा. 'विचारासह' म्हणजे हे काम का निवडले, त्यात काय जमले आणि काय राहिले, याची विद्यार्थ्याने लिहिलेली चिठ्ठी सोबत हवी. यांपैकी एक गोष्ट वगळली, तरी संचिकेची नुसती फाईल होते.

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसृत केलेल्या भाषा-संचिकेचे तीन भाग आहेत : भाषा-पारपत्र, भाषा-चरित्र आणि कार्यसंग्रह. पहिल्या भागात विद्यार्थ्यास कोणकोणत्या भाषा किती येतात, दुसऱ्यात त्या तो कसा शिकला आणि तिसऱ्यात त्याच्या कामाचे नमुने असतात. घरी एक बोली, शेजारी दुसरी आणि शाळेत प्रमाण मराठी असलेल्या आपल्या मुलांना हा आराखडा सहज लागू पडतो.

५.२.२ महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन अपेक्षिले आहे. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी ही पद्धती लागू केली. तिचे आकारिक आणि संकलित असे दोन भाग आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय ही आकारिक मूल्यमापनाची काही साधने होत. या सर्वांचे पुरावे एकत्र पाहण्याची जागा म्हणजे संचिका.

व्यवहारात अडचण कोठे आली? शिक्षकांनी प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करावी, अशी अपेक्षा होती. परंतु नोंदींचे तयार नमुने मिळू लागले आणि 'वाचन स्पष्ट करतो', 'आपले विचार मांडतो' अशी वाक्ये एकामागून एक मुलांच्या नावांपुढे उतरू लागली. यात दोष केवळ शिक्षकांचा नाही. नोंद लिहा, असे त्यांना सांगितले गेले; मुलाच्या लेखनात काय पाहावे, हे मात्र पुरेसे शिकवले गेले नाही.

५.२.३ पनवेल परिसरातील वर्ग

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुका या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. खाडीकाठची आगरी-कोळी गावे, माथेरानच्या डोंगरउतारावरील ठाकूर व कातकरी वाड्या, कळंबोली-कामोठ्यात देशावरून आलेली कुटुंबे, तळोजा औद्योगिक परिसरातील परप्रांतीय कामगार, असे अनेक भाषिक प्रवाह येथे एकत्र आले आहेत. नवी मुंबई विमानतळासाठी येथील काही गावांचे पुनर्वसनही झाले. अशा ठिकाणी एकाच बाकावर दोन-तीन बोली बसलेल्या असतात.

समजा, आगरी बोलणाऱ्या घरातील चौथीच्या मुलीने जूनमध्ये लिहिले : "पानी आलं. आमी शालेतून घरी गेलो. मना मजा आली." पुढे जानेवारीत तिने त्याच प्रसंगावर पुन्हा लिहिले : "गाढी नदीला पूर आला म्हणून बाईंनी आम्हाला लवकर सोडले. रस्त्यावर पानी होते. मला भीती वाटली, पण आजी छत्री घेऊन उभी होती."

केवळ शुद्धलेखन पाहणारा शिक्षक दुसऱ्या लेखनातही 'पानी' या शब्दाखाली लाल रेघ ओढील. दोन्ही कागद शेजारी ठेवणाऱ्या शिक्षकास मात्र निराळे दिसेल. 'म्हणून' आणि 'पण' या अव्ययांनी मुलीने कारण व विरोध जोडला आहे. 'मजा' या ठरावीक शब्दाऐवजी तिला खरी भावना सापडली आहे. 'शाला' जाऊन 'शाळा' लिहिण्याची वेळ दुसऱ्या लेखनात आलीच नाही. तेव्हा 'ळ' तिला साधला की नाही, हे अद्याप तपासायचे आहे. 'ण'ऐवजी 'न' येणे हा बोलीचा नियम असून तो निष्काळजीपणा नव्हे. प्रमाणलेखनात 'ण' शिकवावा. परंतु आजीने आगरीत सांगितलेली गोष्ट किंवा जुन्या गावातील शेतांची व पाणवठ्यांची नावे बोलीतच संचिकेत राहू द्यावीत. आपल्या घरची भाषा शाळेच्या कागदावर सन्मानाने आलेली पाहणे, हे मुलाच्या आत्मविश्वासाचे मोठे कारण ठरते.

संचिकेचा आणखी एक उपयोग स्थलांतरित मुलांसाठी आहे. वीटभट्टीच्या हंगामात अनेक कातकरी कुटुंबे वाडी सोडतात. नव्या शाळेत गेलेले मूल किती शिकले आहे हे न कळल्याने त्यास पुन्हा मुळाक्षरांपासून बसवले जाते. दाखल्यावर इयत्ता कळते. येणारी भाषा कळत नाही. पाच-सहा कागदांची संचिका मुलासोबत गेली, तर नव्या गुरुजींना पुढचा धडा कोठून सुरू करावा हे पहिल्याच दिवशी समजेल.

> स्वयंअध्ययन प्रश्न – १
> अ) संचिकेच्या व्याख्येतील तीन महत्त्वाचे शब्द कोणते?
> आ) वरील दुसऱ्या लेखनात वाक्ये जोडणारी कोणती अव्यये आली आहेत?

५.२.४ प्रशिक्षणाचा आराखडा

शिक्षक-प्रशिक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था ही योजना असून केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा होतात. या परिषदांमधून पुढील चार टप्पे घेता येतील.

पहिला टप्पा : स्वतःची संचिका. शिक्षकाने आपलाच एक परिच्छेद लिहावा, आठवड्याने सुधारावा आणि बदलाविषयी चार ओळी लिहाव्यात. स्वतःचा कच्चा खर्डा दुसऱ्यास दाखवताना वाटणारा संकोच अनुभवल्याशिवाय मुलाचा संकोच कळत नाही.

दुसरा टप्पा : सामूहिक वाचन. एकाच मुलाचे दोन कागद सर्वांनी वाचावेत, स्वतंत्र नोंद करावी आणि मग नोंदी ताडून पाहाव्यात. मतभेद होतील, त्यांच्या चर्चेतूनच निकष स्पष्ट होतात.

तिसरा टप्पा : नोंदलेखन. 'लेखन चांगले आहे' ही नोंद कोणत्याही मुलास लागू पडते. 'कारण सांगताना "म्हणून" वापरू लागली. आता प्रसंगाचा शेवट लिहिण्याचा सराव हवा' ही नोंद एकाच मुलीची आहे. नोंदीत पुरावा आणि पुढचे पाऊल, दोन्ही हवेत.

चौथा टप्पा : मुलाशी संवाद. 'यातले तुला कोणते आवडले? का?' एवढ्या दोन प्रश्नांनी सुरुवात करावी आणि उत्तरासाठी थांबावे.

५.२.५ मर्यादा

वेळ ही मुख्य अडचण आहे. चाळीस मुलांच्या संचिका एका दिवशी पाहणे अशक्य आहे. परंतु दररोज दोन पाहिल्यास वीस कार्यदिनांत सर्व पाहून होतात. दुसरी अडचण सजावटीची. तपासणीसाठी रंगीत मुखपृष्ठे सजतात आणि खोडलेले कागद काढून टाकले जातात. वास्तविक खोडलेला कागदच सर्वांत बोलका असतो. तिसरी मर्यादा अशी, की संचिकेवरून मुलामुलांची तुलना करता येत नाही. तुलना त्या मुलाच्या कालच्या लेखनाशीच करावयाची असते.

५.३ सारांश

अध्ययन-संचिका हा निवडक, कालक्रमाने लावलेला व आत्मचिंतनासह जपलेला संग्रह आहे. आकारिक मूल्यमापनास ती पुरावा पुरवते, बोलीस स्थान देते आणि स्थलांतरित मुलाची ओळख नव्या शाळेपर्यंत नेते. तिचे यश शिक्षकाच्या वाचनदृष्टीवर अवलंबून असल्याने प्रशिक्षणाचा भर तक्ते भरण्यापेक्षा मुलांचे लेखन वाचण्यावर असावा.

५.४ पारिभाषिक शब्द

आकारिक मूल्यमापन : शिकत असताना, सुधारणेसाठी केलेले मूल्यमापन.
संकलित मूल्यमापन : सत्राच्या शेवटी केलेले एकत्रित मूल्यमापन.
वर्णनात्मक नोंद : गुणांऐवजी शब्दांत केलेली नोंद.

५.५ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. अ) निवडक, कालक्रमाने, विचारासह. आ) म्हणून, पण.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'खोडलेला कागद सर्वांत बोलका असतो' या विधानाची चर्चा करा.
२. आपल्या परिसरातील बोलीची तीन वैशिष्ट्ये नोंदवा व मुलांच्या लेखनात ती कशी उतरतात ते लिहा.
३. उपक्रम : या अभ्यासक्रमासाठी आपण लिहिलेला पहिला स्वाध्याय आणि हा स्वाध्याय शेजारी ठेवा. आपल्या लेखनात काय बदलले, ते दहा ओळींत लिहा. ही आपल्या संचिकेची पहिली चिठ्ठी ठरेल.