परदेशी नोकरी आणि इंग्रजीची कसोटी

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा वा कळंब तालुक्यातील अभियंत्यास ब्रिटनमध्ये कुशल कामगार म्हणून जावयाचे असल्यास, नोकरी मिळाली तरी व्हिसासाठी इंग्रजीचे ज्ञान सिद्ध करावे लागते. इंग्रजीभाषी म्हणून सूट दिलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांसाठी आवश्यक पातळी ‘बी-१’ वरून ‘बी-२’ करण्यात आली असून वाचन, लेखन, श्रवण व संभाषण या चारही अंगांत ती गाठावी लागते.

त्यासाठी प्रमुख मार्ग दोन. पहिला, ब्रिटिश शासनमान्य परीक्षेचा. ‘आयईएलटीएस’ दिल्यास तिचा ‘यूकेव्हीआय’ हाच प्रकार चालतो. प्रत्येक अंगात किमान ५.५ गुण हवेत आणि निकाल दोन वर्षेच ग्राह्य असतो. दुसरा, इंग्रजी माध्यमातील पदवीचा. मात्र केवळ महाविद्यालयाचा दाखला पुरत नाही. ‘एक्टिस’ या संस्थेकडून पदवीची पडताळणी करून घ्यावी लागते. व्यावसायिक परिषदेची मान्य भाषाचाचणी उत्तीर्ण झालेल्या डॉक्टर व परिचारिकांना पुन्हा पुरावा द्यावा लागत नाही.

बनावट प्रमाणपत्र दिल्यास अर्ज फेटाळला जातोच. शिवाय दहा वर्षांपर्यंत व्हिसा नाकारला जाऊ शकतो. जमीन गहाण ठेवून दलालास पैसे दिल्यावर हे कळण्यापेक्षा, शिक्षक व पंचायत सदस्यांनी ते ग्रामसभेत आधीच सांगणे हितावह होय.