कामाचे वेळापत्रक आणि अहवालाचा तक्ता

शाळेच्या वर्गखोलीची मोठी दुरुस्ती सामान्यतः उन्हाळी सुटीतच उरकावी लागते. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत तर या कामाची मुदत निसर्गच ठरवितो. जूनच्या मध्यास पाऊस लागला, की नदीनाल्यांपलीकडील गावी लोखंड व पत्रे पोचविणे दुष्कर होते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्ग वारंवार बंद पडलेला आहे. म्हणून कामाचे वेळापत्रक नीट आखणे आणि त्याचा खरा अहवाल वेळेवर पाठविणे, या दोन्ही गोष्टींस येथे विशेष महत्त्व आहे.

वेळापत्रक व तक्ता यांतील भेद

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वेळापत्रक आखले, म्हणजे त्यातील कामे परस्परांशी जोडता येतात. साहित्य पोचण्यास दोन दिवस उशीर झाला, तर छत बसविण्याची तारीख आपोआप पुढे सरकते. हीच माहिती एक्सेलच्या तक्त्यात उतरविली, की ती जोडणी सुटते. तारखा केवळ लिहिलेल्या राहतात. तक्ता ही एका दिवसाची नोंद होय. तीवर दिनांक घातल्यावाचून ती पुढे पाठवू नये.

माहिती उतरविण्याची रीत

‘फाइल’मधील ‘सेव्ह ॲज’ निवडून प्रकार ‘एक्सेल वर्कबुक’ ठेवावा. त्यानंतर ‘एक्सपोर्ट विझार्ड’ उघडतो. त्यात ‘सिलेक्टेड डेटा’, मग ‘न्यू मॅप’ व ‘टास्क्स’ निवडावे. स्तंभ मोजकेच घ्यावेत : कामाचे नाव, कालावधी, आरंभ, अखेर, मूळ ठरलेली अखेर म्हणजे ‘बेसलाइन फिनिश’, पूर्णतेची टक्केवारी आणि ‘समरी’. वेळापत्रक मंजूर होताच त्याची ‘बेसलाइन’ जतन केलेली असावी. एरवी मूळ अखेरीच्या स्तंभात तारीख येत नाही.

चार सावधगिऱ्या

१. गटाची ओळ बेरजेत धरू नये. ‘वर्गखोली दुरुस्ती’ ही शीर्षकाची ओळ व तिच्याखालील कामे एकत्र मिळविल्यास तेच दिवस दोनदा मोजले जातात. ‘समरी’ स्तंभात ‘यस’ असलेल्या ओळी बेरजेपूर्वी वगळाव्यात.

२. कालावधीच्या रकान्यात अंकापुढे ‘डेज’ हा शब्द उतरतो. एक्सेल त्यास मजकूर समजते व बेरीज शून्य दाखविते. तो शब्द काढून केवळ अंक ठेवावा.

३. दिवस व महिना यांची अदलाबदल होऊ शकते. संगणकावर अमेरिकी पद्धत असल्यास ०५/०६ म्हणजे ५ जून न राहता ६ मे होतो. महिन्याचे नाव अक्षरांत दिसेल असे करावे.

४. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावा. गडचिरोलीतील क्रमांक २७१२ ने, तर चंद्रपुरातील २७१३ ने आरंभ होतात. अरुंद स्तंभात दोन्ही २.७१ई+१० असे दिसतात. ते त्याच स्थितीत सीएसव्ही स्वरूपात जतन केले, तर पुढील अंक कायमचे नष्ट होतात. १९८२ साली वेगळे झालेले दोन जिल्हे तक्त्यात असे पुन्हा एक होऊन बसतात!

उदाहरण

नदीपलीकडील एका शाळेच्या छताचे काम घ्यावे. अंदाजपत्रक व मंजुरी २० दिवस, जुने छत उतरविणे ४, साहित्य पोचविणे ६, नवे छत बसविणे ८ आणि रंगसफेदी २. एकूण ४० दिवस. कामे एकामागून एक व्हावयाची आहेत. पहिली दोन पूर्ण झाली आहेत. दिवसांच्या हिशेबाने ४० पैकी २४, म्हणजे ६० टक्के काम झाले. पाच कामांच्या टक्क्यांची सरळ सरासरी काढल्यास मात्र ४० टक्केच येते. यांपैकी कोणताही आकडा वरिष्ठांस धाडला, तरी मुख्य गोष्ट झाकलेलीच राहते. ती ही, की जुने छत उतरले आहे, नवे पत्रे अद्याप नदीअलीकडे आहेत आणि खोली उघडी पडली आहे.

साहित्याची वाहतूक सोमवार, १ जून २०२६ रोजी सुरू होणार असे मानू. रविवार वगळता उरलेले १६ दिवस १८ जून रोजी संपतात. मूळ अखेर ११ जून होती. म्हणजे कामाचे सहा दिवस मागे पडले आहेत. ‘६० टक्के पूर्ण’ या नोंदीने कोणीही हालचाल करणार नाही. ‘पत्रे ६ जूनपूर्वी पलीकडे न पोचल्यास खोली पावसात उघडी राहील’ ही नोंद वाचून मात्र कनिष्ठ अभियंता त्याच दिवशी वाहन पाठविण्याची तजवीज करील.

तात्पर्य, अहवालात टक्केवारीबरोबर तीन गोष्टी अवश्य असाव्यात : मूळ अखेर, आजची अखेर आणि ज्यावर पुढील सर्व कामे अडून आहेत असे एक काम. तक्ता वर गेला म्हणजे कर्तव्य संपले, असे नव्हे. शाळा उघडेल त्या दिवशी मुलांच्या डोक्यावर छप्पर असावे, एवढ्यासाठीच तो भरावयाचा असतो.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात शीर्षकाची ओळही बेरजेत धरल्यास एकूण किती दिवस दिसतील? ही चूक कशी ओळखावी?

२. साहित्य आणखी तीन दिवस उशिरा पोचल्यास कामाची अखेर कोणत्या तारखेस येईल? रविवार वगळून मोजावे.

३. आपल्या केंद्रातील एका चालू कामाची ‘अडून असलेली’ बाब एका वाक्यात लिहावी.