घाटात टिकेल असा रेडिएटर

एप्रिल-मेमध्ये देवगडहून आंब्याच्या पेट्या कोल्हापूरला न्यायच्या तर फोंडाघाट भरल्या गाडीनेच चढावा लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत असतं आणि गाडी इतकी हळू चालते की समोरून वारा जवळजवळ लागतच नाही. जुन्या पिकअपच्या रेडिएटरची परीक्षा इथेच होते.

माझी गाडी मी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने मूळचा पितळी रेडिएटर भंगारात घालून बाजारातला स्वस्त बसवला होता : ॲल्युमिनिअमची जाळी, प्लास्टिकच्या टाक्या. ॲल्युमिनिअमला मी नावं ठेवणार नाही. दुखणं प्लास्टिकचं. वर्षानुवर्षं तापून-निवून ते ठिसूळ होतं, आणि टाकी जाळीला नुसत्या रबरी पॅकिंगवर पत्रा दुमडून आवळलेली असते. माझी टाकी वरच्या पाइपाच्या तोंडाशीच चिरली. त्यावर एपॉक्सी फासून सीझन काढू म्हणणारे महाभाग भेटतात. त्यांच्या गाडीत आपला माल भरू नये.

तांब्या-पितळेचा रेडिएटर बनवून घ्यायचं ठरलं ते दुरुस्तीच्या सोयीसाठी. गळला तर तालुक्याच्या गावीही डाख देणारा कोणीतरी सापडतो. तांबं ॲल्युमिनिअमपेक्षा उष्णता दीडपटीहून जास्त वाहून नेतं, हे खरं. पण नळी आणि पाकळी यांच्यामध्ये डाखाचा थर येतो आणि तो फायदा बराचसा खाऊन टाकतो. शिवाय तांबं तिपटीहून जड.

पुढे नडली ती मात्र जाडी. ज्याला विचारावं तो म्हणे, करतोयस तर दणकट कर. म्हणून नळ्यांच्या चार ओळी आणि दाट पाकळ्यांची जाळी झाली. सपाटीला काटा हलेना. घाटात मात्र गाडी पूर्वीपेक्षा लवकर तापायला लागली आणि खालच्या टाकीचा सांधा सुटला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींनी जाळीमागे हात धरला, इंजिन चालू करायला लावलं आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यातनं वारंच येत न्हाई. जाड केली म्हंजे थंड करती व्हय?"

कमी वेगात जाळीतून हवा खेचायचं सगळं काम पंख्याचं असतं. जाळी जितकी जाड आणि दाट, तितकी ती पंख्याला जड जाते. त्यात पंख्याभोवतीचं कव्हर कोणीतरी कधीच काढून टाकलेलं. कव्हर नसलं की पंखा जाळीतून हवा खेचण्याऐवजी इंजिनकडचीच गरम हवा फिरवत बसतो. मिस्त्रींनी तीन ओळींची, जरा विरळ पाकळ्यांची जाळी घातली, पत्र्याचं कव्हर बनवलं आणि जाळीच्या कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बंद केल्या. त्यानंतर काटा घाटातही मधेच थांबला. तेव्हा रेडिएटर बदलण्याआधी कव्हर, पंख्याचा पट्टा आणि फटी बघा. कधी कधी तेवढ्यानेच भागतं.

सांधा सुटण्याचं कारण वेगळं होतं. रेडिएटर ज्या रबरी बुशांवर बसतो ते दगडासारखे झाले होते. खड्ड्यात चासी पिळवटली की तो पीळ थेट डाखावर येतो. नव्या रेडिएटरला नवे बुश हवेतच, आणि बोल्ट इतका आवळू नये की रबर चेपून जाईल.

दुकानातून उचलण्याआधी चाचणी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्या. तोंडं बंद करून, झाकणावरच्या आकड्यापेक्षा थोडी जास्त हवा भरून तो हौदात बुडवतात. बुडबुडे नाहीत म्हणून लगेच बाहेर काढू देऊ नका. लाकडी हातोडीने सांध्यावर हलकेच ठोकत जायला सांगा. कच्चा डाख तेव्हा बोलतो. मग आतून खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन घ्या, कारण डाख देताना लावलेलं आम्ल आत राहिलं तर सांधे खात बसतं. झाकण मात्र कंपनीने दिलं त्याच दाबाचं ठेवा. जास्त दाबाच्या झाकणाने पाणी उशिरा उकळेल, पण जुने पाइप आधी फुटतील.

किनाऱ्यावरच्यांनी विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटरला दाखवूही नये. त्यातलं मीठ ॲल्युमिनिअमच्या हेडपासून पितळेपर्यंत सगळ्याला लागतं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं गॅरेजवालेही सांगतात. पण इथे तो गंज रोखण्यासाठी लागतो. एक भाग कूलंटला दोन भाग डिस्टिल्ड पाणी पुरतं. तयार मिसळलेला डबा असेल तर त्यात पाणी घालू नका. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्लाही ऐकू नका : इंजिन गार चालतं, डिझेल जास्त पितं आणि झिजतं.

आणि खर्चाला हात घालण्याआधी एक करा. गार गाडीचं झाकण उघडून इंजिन चालू करा. सुरुवातीची हवा निघून गेल्यावरही पाण्यात बुडबुडे येतच राहिले, तर हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि मग सोन्याचा रेडिएटर बसवला तरी गाडी तापणारच. गॅस्केट शाबूत असेल आणि जुना पितळी रेडिएटर कोपऱ्यात पडलेला असेल, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. टाक्या धडक्या असल्या की फक्त जाळी बदलून मिळते. मला टाक्या नव्याने ठोकून घ्याव्या लागल्या आणि पितळ किलोवर मोजून द्यावं लागलं.